लांब बाह्यांचं पोलकं

कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा वास आला की मला सोलापूरच्या कोर्टातली ती दुपार आठवते. मी आठ वर्षांची होते. आईवडील गेल्यावर काकांच्या घरी हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायचे, आणि सूत तुटलं की काका काठीनं हातावर मारत. मामानं माझा ताबा मागायला कोर्टात अर्ज केला होता. जज्जसाहेबांनी सगळ्यांना बाहेर पाठवून मला खुर्चीवर बसवलं. छताचा दोरीचा पंखा संथ हलत होता, भिंतीवर उन्हाचे पट्टे पाण्यासारखे डोलत होते, आणि मला गुंगी येत होती. "काका मारतात का?" साहेबांनी विचारलं. काकूनं पढवल्याप्रमाणे मी "न्हाय" म्हणाले. मग ते सहज म्हणाले, "एवढ्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या कशाला गं?" याचं उत्तर कुणी पढवलं नव्हतं. "काकूनं कालच कोरं मांजरपाट आणून शिवलंय की. वळ दिसू न्हाईत म्हनून," मी सांगून टाकलं. साहेबांनी टाक खाली ठेवला. त्याच दिवशी मला मामाच्या हवाली केलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर काकूनं अडवलं. "पोलकं काढून ठिव. कापड आमचं हाय." मी काढून दिलं. "घ्या वैनी, तुमास्नी बसतंय का बघा," मामा म्हणाला, आणि त्यानं आपलं उपरणं माझ्या अंगाभोवती गुंडाळलं. टांगा निघाला. माझे हात उघडे होते आणि येणारेजाणारे बघत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. आता पन्नाशी आली, जुनं काढून बसायची मला सवय नाही. पण त्या टांग्यात लागला तितका गार वारा सोलापुरात पुन्हा कधी सुटल्याचं आठवत नाही.