दऱ्या आणि दर्या

"साठे, पेशंट समोर कण्हतेय आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय, ही बाई इथे कधी आलीच नाही!"

फोनवर डॉक्टर मॅडम होत्या. पौड रस्त्यावर त्यांचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. तिथल्या नोंदींचं सॉफ्टवेअर आमचं, म्हणजे बावधनमधल्या आमच्या चार माणसांच्या कंपनीचं. मी गाडी काढली.

कासार आंबोलीच्या सुलाबाई कुऱ्हाडे खाटेवर होत्या. पायाची जखम चिघळलेली, अंगात ताप.

"मागं हितंच सुई टोचली अन् तोंड हे एवढं सुजलं. श्वास कोंडला. कंची सुई ते मला काय म्हाईत? डाक्टरांनी लिवलंय की!"

लिहिलं होतं, पण ते आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. मॅडमनी मला बाहेर बोलावलं. "अँटिबायोटिक आजच द्यायला हवं. आणि जे द्यायचंय तेच मागे बाधलेलं असेल, तर जीव जाईल. दुपारपर्यंत थांबते. पुढे नाही."

पेशंटची नावं आम्ही कुलूपबंद साठवतो. आडनाव अक्षरन् अक्षर जुळलं, तरच नोंद उघडते. डेटा चोरीला जाऊ नये म्हणून ही युक्ती मीच काढली होती आणि तिचं मला फार कौतुक होतं. आता ती माझ्याच गळ्याशी आली. 'कुऱ्हाडे' सहा वेळा टाइप केलं. सुलाबाई काही निघेनात.

रिसेप्शनवरची शीतल म्हणाली, "सर, माज्या आदीच्या ताईंनी भरलेले कुऱ्हाडे सापडतच न्हाईत. गोऱ्हे पन न्हाईत. शिंदे, गायकवाड सगळे सापडत्यात. मागं दोनदा सांगितलं तुमाला."

सांगितलं होतं खरं. 'स्पेलिंग नीट टाका' असं उत्तरही मीच दिलं होतं. लाज वाटली. पण धागा मिळाला: घोळ 'ऱ्ह'मध्ये होता, त्यातल्या आडव्या रेघेसारख्या अर्ध्या र मध्ये.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, वापरावा असं सॉफ्टवेअर. अशा हजारो प्रकल्पांचा कोड आणि डॉक्युमेंटेशन एकत्र धुंडाळणाऱ्या साइट्स असतात. आधी मी इंग्रजीत लांबलचक प्रश्न टाकला. कचरा आला. मग शोधाच्या चौकटीत नुसतं एक अक्षर टाकलं: ऱ.

पडदा भरून गेला. कुणी या अक्षरासाठी फॉन्ट केलेला, कुणी कीबोर्ड, कुणी शब्दकोश. आपलं एक अक्षर, आणि त्याच्यामागे जगभरात एवढी माणसं राबत होती. मी दोन मिनिटं कामच विसरलो.

त्यातल्या एका फाइलमध्ये उत्तर होतं. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. नव्या पद्धतीत नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ वापरतात. जुन्या पद्धतीत साधा र घेऊन पुढे एक खूण टाकतात, जी पडद्यावर दिसतच नाही. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे.

खाली चर्चा होती. कुठल्याशा थंड देशातल्या प्रोग्रॅमरने लिहिलं होतं: मला ही लिपी वाचता येत नाही, पण ती न दिसणारी खूण काढूनच टाकली तर? मीसुद्धा तेच करणार होतो! एका मराठी बाईंनी त्याला उत्तर दिलं होतं: खूण काढलीत तर 'दऱ्या'चा 'दर्या' होईल. एक डोंगरातल्या, दुसरा समुद्र.

त्याने खूण ठेवली. वर दोन्ही शब्दांची चाचणी लिहिली, म्हणजे पुढे कुणी कोडला हात लावला आणि दऱ्या-दर्या एक झाले, तर मशीन बोंब मारेल. ज्याला अ-आ-ई येत नाही तो माणूस आमच्या दऱ्या राखत बसला होता. आणि मुळशीच्या दऱ्याखोऱ्यांत वाढलेला मी शीतलला स्पेलिंग शिकवत होतो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आधीच्या ताई टाकत असणार तसं, जुन्या पद्धतीने 'कुऱ्हाडे' टाकलं. अकरा नोंदी उघडल्या. चौथ्या सुलाबाई. मॅडमनी औषधाचं नाव वाचलं आणि ट्रेमध्ये भरून ठेवलेलं इंजेक्शन उचलून फेकून दिलं. तेच होतं.

दुसरं औषध सुरू झालं. मी त्याच दिवशी दोन्ही पद्धतींनी शोध घ्यायची सोय केली आणि शीतलची माफी मागितली. धडा एवढाच: सॉफ्टवेअर 'नाही' म्हणालं, तर रिसेप्शनवर विचारावं.

त्या प्रकल्पाला मी एक शब्द पाठवला, 'कुऱ्हाडे'. त्यांनी तो चाचणीत घेतला. सुलाबाईंना सांगितलं, आता जगात कुठंही ते सॉफ्टवेअर बदललं की आधी तुमचं आडनाव तपासतात.

"तपासू दे की," त्या म्हणाल्या. "पन ह्या नव्या गोळ्या लई कडू हायेत. ते बी लिवा तितं."