बबीन्याची थकबाकी

मृदुला खेर घरी मराठी बोलायची. खंडेराव गेटजवळचं घर सोडून ऑफिसात पोहोचली की दिवसभर फोनवर गोड हिंदी. रंगांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे उधारीवसुलीचं काम तिच्याकडे होतं. कुणाला किती माल उधार द्यायचा, कुणाचा अडवायचा, तीच ठरवायची. दुकानदारांचे बहाणे तिला तोंडपाठ होते. एकानं तर आपल्या एकाच मामाला दोनदा मारलं होतं.

बबीना गावचे दुकानदार रामसेवक कुशवाहा मात्र वेगळे. "दीदी, चेक तैयार है," असा त्यांचाच फोन यायचा. दिवाळीनंतर तो थांबला. मृदुलानं फोन केला की बायको उचलायची. "वो सो रहे हैं."

हाही बिघडला, मृदुलाला वाटलं. ती रोज फोन करू लागली, मग सकाळ-संध्याकाळ. आवाजातली साखर संपली. "अभी तक सो रहे हैं? उठाइए उन्हें."

शेवटी मालकांनी तिला बबीन्याला पाठवलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. मागच्या खोलीत रामसेवक खाटेवर पडले होते. तोंड वाकडं, उजवा हात निर्जीव. अर्धांगवायूचा झटका आला होता. बायकोनं मुकाट्यानं पाण्याचा पेला पुढे केला. मृदुलानं तो घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "बुरा हुआ," म्हणाले. मग म्हणाले, "सिक्योरिटी वाला चेक लगा दीजिए."

खातं उघडताना रामसेवकांनी सही करून दिलेला कोरा चेक होता तो.

"थोड़ा समय दे दें, सर?"

"पैसा आप भरेंगी?"

लेकीच्या, स्वरदाच्या कॉलेजची फी याच पगारातून जात होती. मृदुलानं चेकवर रक्कम लिहिली, तारीख टाकली. चेक न वटता परत आला. वकिलाची नोटीस गेली.

काही दिवसांनी रामसेवकांची बायको ऑफिसात आली. रंग मिसळायचं मशीन विकून आणलेले पैसे तिनं टेबलावर ठेवले, पावती घेतली. जाता जाता म्हणाली, "अब फोन मत करिएगा, दीदी. घंटी बजती है तो ये काँपने लगते हैं."

"नहीं करूँगी," मृदुला म्हणाली. 

रात्री जेवताना नवऱ्यानं, मधुसूदननं विचारलं, "बबीन्याचे आले का गं?"

"आले. सगळे."

"मग सुटलीस."



दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराच्या मुलीनं फोन उचलला. पापा आजारी आहेत, म्हणाली. मृदुलानं पैशांचं विचारायच्या आधी विचारलं, "क्या हुआ है उन्हें?"

 मुलीला हा वसुलीचा नवा डाव वाटला असावा. फोन कट झाला.