सकाळी सातची सुई

घाटकोपरच्या आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर आठ बिऱ्हाडं होती. आमच्या मजल्यावर चार मराठी, चार गुजराती, आणि सगळ्यांची मिळून एकच गॅलरी. शेजारच्या खोलीत कापडाच्या पेढीवर नोकरी करणारा एक गुजराती गृहस्थ, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई राहत. आईला अख्खी चाळ ‘बा’ म्हणायची. बांना मधुमेह होता, आणि माझे बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे रोज सकाळी सात वाजता बांना इन्सुलिनची सुई टोचायचं काम आपसूकच बाबांकडे आलं होतं.

आमच्या स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळायची, ती घेऊन बाबा शेजारी जायचे, आणि मी कापूस-स्पिरिट घेऊन त्यांच्या मागे. बांची कुपी माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेली असे. बाबा विचारायचे, “काय बा, काल गूळ किती झाला?” बा म्हणायच्या, “टोच ना भाई, नसती पंचाईत नको करू.” सुई झाली की त्या मला समोर बसवून माझी वेणी घालायच्या. माझी आई घालायची त्यापेक्षा घट्ट, पार डोळे ताणले जातील अशी. मला ती फार आवडायची.

मग मुंबई कुणाची, यावरून शहर पेटलं. आमची गॅलरीसुद्धा. काल एकमेकांच्या ताटातलं खाणारी माणसं आज एकमेकांना ‘तुम्ही लोक’ म्हणू लागली. एका रविवारी संध्याकाळी बाबांचं आणि बांच्या मुलाचं गॅलरीतच जुंपलं. विषय राजकारणाचा, पण शेवटी घसरला सुईवर. तो म्हणाला, “उपकार नकोत तुमचे. आम्ही दुसरा माणूस बघू.” बाबा म्हणाले, “बघा. बोलावल्याशिवाय तुमचा उंबरा ओलांडणार नाही.” मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मिरचीपेक्षा तिखट. बाबांचं ते वाक्य ऐकून माझी छाती इतकी फुगली की विचारू नका.

सोमवारी बांचा मुलगा पेढीवर गेला तो शहरात दंगल उसळल्यामुळे तिकडेच अडकला. आमच्याकडेही कर्फ्यू लागला. आई बाळंतपणासाठी कोकणात माहेरी गेलेली, घरात मी आणि बाबा दोघंच. त्या सकाळीही सात वाजता बाबांनी नेहमीसारखी सिरिंज उकळली आणि दाराकडे तोंड करून बसले. पाणी निवलं तरी बसलेच. मग म्हणाले, “केला असेल त्यांनी दुसरा माणूस.” आणि सिरिंज पुसून डब्यात ठेवली.

दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. बांनी दारातून हाक मारली. “दीकरी, बाबाला सांग, बा बोलावते. दुसरा माणूस कुठून येणार? मुलाचं मनावर घेऊ नको म्हणावं.”

मी मान डोलावली आणि घरात आले. बाबा पेपर वाचत होते. मी काही बोलले नाही. मला वाटलं, काल एवढं सुनावून गेले आणि आज लगेच बोलावणं? राहू दे जरा. एखाद दिवस सुई चुकली तर काय बिघडतं! कंपाउंडरची मुलगी मी, आणि एवढीही अक्कल नव्हती.

संध्याकाळी बांनी विचारलं, “सांगितलं?” मी म्हटलं, “हो.” वेणी घालू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नको म्हणून पळून आले.

मंगळवारीही बाबा तसेच सिरिंज उकळून बसले. बुधवारी सकाळी मी गॅलरीत गेले तर बांची सून दारात उभी होती. ती पुरुषमाणसांशी बोलत नसे, माझ्याशीही बेताचंच बोलायची. नुसती डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघत राहिली. मी आत डोकावले. बा भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ओठ कोरडे, श्वास जोरजोरात. मी हाक मारली तरी वळल्या नाहीत.

मी धावत घरी आले आणि ओरडले, “बाबा, बा बोलावतायत!”

बाबांनी चपलासुद्धा घातल्या नाहीत. बांना बघितलं, सुई टोचली, मला त्यांच्याजवळ बसवलं आणि कर्फ्यूत बाहेर पडले. नाक्यावरच्या पोलिसाशी हुज्जत घालून डॉक्टरांना घेऊन आले. तोवर मी चमच्याने बांचे ओठ ओले करत होते आणि येतील तेवढ्या सगळ्या देवांना नवस बोलत होते.

बा वाचल्या. शुक्रवारी कर्फ्यू उठला, मुलगा घरी आला आणि सगळं ऐकून बाबांपुढे हात जोडून उभा राहिला. बाबा म्हणाले, “आधी चहा पी.” मग दोघं बांच्या खाटेजवळ बसले. बाबा म्हणाले, “बा, मी रोज सुई उकळून बसत होतो हो. एक निरोप तरी धाडायचा!”

मी दाराच्या चौकटीला चिकटले.

बांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “माझीच चूक, भाई. हट्ट आला मला. नाही धाडला.”

मुलगा आईवर चिडला. बाबाही चिडले. म्हातारपणी एवढा हट्ट बरा नव्हे, सुनेचा तरी विचार करायचा, जीव गेला असता म्हणजे? पाच दिवसांपूर्वी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे ते दोघे एका खाटेशी बसून बांना बोलत होते, आणि त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

ते दोघे उठून बाहेर गेल्यावर मी आत शिरले. “बा, मी सांगितलंच नव्हतं त्यांना.”

“ठाऊक आहे. तो सुई उकळून बसला होता म्हणाला, तेव्हाच समजलं.”

“मग माझं नाव का नाही घेतलंत?”

“मला बोलले, संपलं. तुला बोलले असते तर तू आयुष्यभर या घरात आली नसतीस.”

मला हुंदका आवरेना. आणि जिचा जीव मी घालवला असता, तीच मला जवळ ओढून माझी पाठ थोपटत राहिली.