पाठ फिरवलेला शिपाई

सिनेमा बघून आलेला माणूस गप्प बसत नाही, आणि आमच्या रहाटणीची माणसं तर न बघितलेल्या सिनेमावरही तासभर बोलायची. पण तुरुंग फोडून पळणाऱ्या कैद्याच्या त्या एका सिनेमावर गाव जेवढं बोललं, तेवढं कशावरच बोललं नाही. सिनेमा म्हणजे घटकाभराची करमणूक असं कुणी म्हणालं की आजही माझ्या कपाळाला आठी पडते. आमच्या घरात त्या करमणुकीनं काय करून ठेवलं ते मला माहीत.

आमचे हे तेव्हा तुरुंगात शिपाई होते. लग्न होऊन चार-पाच वर्षं झालेली, राहायला सरकारी खोली, अंगावर खाकी कपडे, कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा. तो पट्टा ते दर रविवारी चिंच लावून घासायचे आणि मला हात लावू द्यायचे नाहीत. तुरुंगाच्या भिंतीबाहेर सरकारी मळा होता. रोज सकाळी कैद्यांची एकेक टोळी तिथं भाजी काढायला न्यायची, हे त्यांचं काम.

एके दिवशी टोळीतला एक कैदी म्हणाला, परसाकडला जायचंय. समोर ज्वारी पुरुषभर उंच उभी. हे म्हणाले, जा. तो आत शिरला आणि ह्यांनी पाठ फिरवली. आता आपल्याकडे कुणी टमरेल घेऊन बसलं की दुसरा माणूस तोंड फिरवतो, हे काय कुणाला शिकवावं लागतं? वाटेनं जाणाराही खाकरून जातो. सरकारचा नियम मात्र वेगळा होता. कैद्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, मग तो कशालाही बसलेला असो. हे जरा वेळानं खाकरले. मग हाक मारली, पुन्हा मारली. ज्वारीतून ओ आली नाही.

कैदी गेला तो गेलाच. ह्यांचा पट्टा काढून घेतला, चौकशी लावली, आणि निकाल लागेपर्यंत खोली सोडा म्हणून सांगितलं. सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. कैदी ह्यांच्या चुकीनं पळाला, की ह्यांनी जाणूनबुजून सोडला? चुकीनं पळाला असं ठरलं तर शिक्षा होईल, बढती अडेल, पण नोकरी राहील. सोडला असं ठरलं तर नोकरी गेलीच, वर हेच आत जाऊन बसायचे.

आम्ही वळकटी बांधून माझ्या माहेरी, रहाटणीला आलो. ह्यांना हिवताप झालाय, रजेवर आहेत, असं सांगितलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, लगेच जावयासाठी काढा उकळायला लावला. ताप नसलेल्या माणसाला तो कडूजहर काढा दोन वेळा प्यावा लागायचा आणि हे मुकाट्यानं प्यायचे. मला हसूही यायचं आणि रडूही यायचं.

माझा जीव नुसता नोकरीपायी टांगणीला लागला होता असं नाही. तो कैदी चाकणकडचा, शेतकऱ्याचा पोर. बांधाच्या भांडणात हाणामारी होऊन आत आलेला. त्याची म्हातारी भेटीला यायची आणि तुरुंगाच्या दारात बसून रडायची. हे घरी आले की जेवताना मला तिचं सांगायचे आणि घास तसाच हातात राहायचा. त्यामुळे माझ्या मनात सारखी पाल चुकचुकायची. एकदा मी हळूच विचारलं, "तुम्ही सोडला तर नाही ना त्याला?" ते "नाही" म्हणाले आणि कूस बदलून झोपले. माणूस कूस बदलून नाही म्हणाला की बायकोनं काय समजायचं?

अशात पलीकडे चिंचवडला तंबूतला सिनेमा आला. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, छावणीत निर्वासितांची वस्ती वाढली होती, त्यामुळे तंबूवाल्याला गिऱ्हाईक भरपूर. आबा म्हणाले, जावईबापू घरात बसून कंटाळलेत, चला सगळे. नदीला पाणी गुडघ्याएवढं होतं. बैलगाडी जुंपून आम्ही दिवस मावळता तिथं पोचलो. कसला सिनेमा आहे हे कुणी विचारलंच नाही. मला ठाऊक असतं तर मी गाडीतच आडवी पडून पोटात दुखतंय म्हणून ओरडले असते.

तंबूत बायकांची बाजू वेगळी. मधे दोर बांधून त्यावर पडदा टाकलेला, त्यामुळे पुरुष दिसायचे नाहीत, नुसते ऐकू यायचे. सिनेमा विलायती होता. भाषा कुणाला कळणार? म्हणून तंबूवाल्याचा एक माणूस भोंगा घेऊन बाजूला उभा राहायचा आणि काय चाललंय ते मराठीत सांगायचा. चांगला रंगवून सांगायचा मेला. पडद्यावर भली मोठी भिंत आली, कैदी रांगेनं दगड फोडताना दिसले. पलीकडून ह्यांचा खोकला ऐकू येतो का म्हणून मी कान लावून बसले.

त्या कैद्यानं बेडीची कडी दगडावर घासघासून तोडली. पिठाच्या पोत्यांमागं लपला. मग चांदण्यात वाकून अंगण ओलांडायला लागला. भिंतीवर शिपाई उभा. शिपायानं मान वळवली, कैद्याच्या बाजूला बघितलं की नाही देव जाणे, आणि पाठ फिरवून विडी पेटवली. बस्स, एवढंच पडद्यावर होतं. पण भोंगेवाला काय म्हणाला, "मंडळी, शिपायानं बघितलंय. पण त्याच्या काळजाला पाझर फुटला. जा बाबा, तुझी आई वाट बघतीय, असं म्हणून त्यानं पाठ फिरवली!"

तंबूत शिट्ट्यांचा पाऊस पडला. आमच्या बाजूच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारच्या मावशी माझा हात दाबून म्हणाल्या, असा शिपाई असावा गं बाई. मी मान खाली घातली. मावशींना वाटलं मलाही भरून आलंय.

येताना गाडीत सगळे एकदम बोलत होते आणि हे मागं पाय सोडून बसले होते.

पुढं आठवडाभर गावात तोच विषय. पाणवठ्यावर तो, गिरणीत पिठाच्या रांगेत तो, मारुतीच्या पारावर तो. कुणी म्हणे, जोडीदाराला मागं टाकून एकटा पळाला हे काही बरं केलं नाही. कुणी म्हणे, आधी आईला भेटायला जायचं की लपायचं? एक म्हातारा म्हणाला, एवढा खटाटोप केला पण पोटाला भाकर बांधून घेतली नाही, म्हणजे अकलेनं कमीच. सायकल दुरुस्त करणारे एक चाचा होते, ते म्हणाले, लोखंडाची कडी दगडानं अशी तुटत नसते राव, मला सांगू नका. शेवटी कैदी सापडायला हवा होता की नको, यावर तर दोन सख्खे भाऊ तीन दिवस अबोला धरून बसले. पण शिपायाबद्दल सगळ्या गावाचं एक मत होतं. शिपाई म्हणजे देवमाणूस.

फक्त त्या चाचांनीच एकदा विचारलं, "पण त्या शिपायाचं पुढं काय झालं? ते दाखवलंच नाही." हे तिथंच पारावर बसले होते. ते उठून घरी आले आणि भर दुपारी पांघरूण घेऊन पडले. माझ्या आईला वाटलं ताप उलटला. पुन्हा काढा.

मग व्हायचं तेच झालं. गावातला एक जण खडकीला दूध घालायचा. तो तिकडची बातमी घेऊन आला. तुरुंगातून चाकणचा एक पोरगा पळालाय, त्याची म्हातारी दारात रडत बसायची, आणि त्या टोळीवरचा शिपाई म्हणजे आपलंच पाव्हणं. मी ते चुलीपुढं बसून ऐकलं. आता माहेरीसुद्धा तोंड दाखवायला जागा उरली नाही असं मला वाटलं.

आणि झालं भलतंच. संध्याकाळी मावशी ताटलीत गरम पुरणपोळी घेऊन आल्या, सण नाही वार नाही. पारावर हे गेले की लोक सरकून जागा द्यायचे. सलून चालवणाऱ्यानं त्यांना रांगेत पहिलं बसवलं. आबा तर छाती पुढं काढूनच चालायला लागले. हे म्हणायचे, अहो तसं काही नाही, तो पळाला. लोक एकमेकांकडं बघून माना डोलवायचे. सरकारी माणसाला असं म्हणावंच लागतं, असं त्यांना वाटायचं. जितकं हे नाही म्हणत तितकं ते खरं ठरत होतं. मी आबांना दोनदा बजावलं, बाहेर असलं काही बोलू नका, ह्यांच्या अंगाशी येईल. ते म्हणाले, तू बायकांत बस.

एका दुपारी साध्या कपड्यातला एक माणूस सायकलवरून आला आणि पारावर टेकला. हे तेव्हा नदीवर बैल धुवायला गेले होते. त्यानं आमच्या जावयाची चौकशी सुरू केली. माणूस कसा आहे, व्यसन आहे का, चाकणकडं कुणी सोयरे आहेत का. लोकांनी लगेच ओळखलं की साहेब चौकशीचा आहे, आणि आपल्या पाव्हण्यासाठी चांगलं बोलायला गर्दी केली. कुणीतरी आबांना बोलावून आणलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागून गेले तोवर आबा बोलायला लागले होते.

"सायेब, आमच्या जावयानं पैका खाल्ला न्हाई. गळ्याची आण घिऊन सांगतो. त्येंनी त्या म्हातारीला रडताना बघितलं, अन् त्येंना ऱ्हावलं न्हाई. म्हनून पाठ फिरवली. आमी अख्खं गाव सांगतो, द्येवमानूस हाय."

व्हय, व्हय, असं चारी बाजूंनी आलं. मी तांब्या खाली ठेवला. गावच्या पारावर चार पुरुषांत बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मी म्हणाले, "साहेब, हे सगळं सिनेमातलं बोलतायत." साहेबानं विचारलं, कुठला सिनेमा? कपाळ माझं. मग जो तो त्याला सिनेमा सांगायला लागला. बेडीची कडी, पिठाची पोती, विडी, सगळं. साहेबानं चहा घेतला, शांतपणे सगळं ऐकलं, एकदा हसलासुद्धा. त्याच्या हसण्याचा अर्थ लावण्यात मी पुढचे कितीतरी दिवस घालवले. जेवण जाईना. दारात सायकलची घंटी वाजली की हातातलं टाकून मी धावायची.

शेवटी ह्यांच्या तुरुंगातले एक जमादार आले. ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, लाच घेतल्याचा पुरावा नाही, म्हणून खटला नाही. पण नोकरी गेली. ज्वारीचं, लाज राखायचं, ते सगळं साहेबांना पटत आलं होतं. पण सासऱ्यासकट सगळं गाव म्हणतं की दयेनं सोडला, तर आम्ही कशाच्या जोरावर चूक म्हणायचं, असं साहेब म्हणाले.

आबा खांबाला धरून उभे होते ते तिथंच खाली बसले. माझी चूक झाली का, माझी चूक झाली का, असं पुटपुटत राहिले. मला त्यांचा एवढा राग आला होता की त्यांच्याकडे बघवेना, आणि एवढी दयाही आली की तिथून उठवेना.

दिवेलागणीला ओट्यावर माणसं जमली. सगळ्यांना वाईट वाटत होतं, पण त्यात एक अभिमानही होता. मावशी म्हणाल्या, नोकरी काय, गेली तर गेली, पुण्य तर पदरात पडलं. बाकीच्यांनीही तीच री ओढली. त्या घडीला ह्यांना नुसतं गप्प बसायचं होतं. पट्टा गेला, खोली गेली, पण गावात मान होता. नवं काम मिळेपर्यंत त्या मानावर आमचे दिवस निघाले असते. मी मनातल्या मनात त्यांना सांगत होते, राहू दे, आता काही बोलू नका.

ते उभे राहिले. आवाज चढवला नाही. "मी त्याला सोडला नाही. तो ज्वारीतून पळाला आणि मला कळलं नाही. दिसला असता तर मी त्याला धरला असता. त्याची म्हातारी तिथंच उभी असती, तरी धरला असता."

एका माणसानं उगाच टोपी झटकली. मग एकेक जण उठला, चपला शोधल्या, निघाला. मावशींनी जाताना माझ्याकडे असं बघितलं की जणू आम्हीच त्यांच्या घरातलं काही चोरलं होतं. आबा आत गेले. ओट्यावर आम्ही दोघंच राहिलो.

हे म्हणाले, "आता तरी खरं वाटलं ना तुला?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "वाटलं."