यादीतली सतरावी ओळ

तिला सगळे टायपिस्टबाई म्हणत. नाव होतं, पण ते कागदपत्रांपुरतं. नोटरीच्या ऑफिसात वीस वर्षं प्रतिज्ञापत्रं बडवून तिची बोटं अशी तयार झाली होती की समोरचा माणूस 'मी खाली सही करणार' म्हणेपर्यंत पुढच्या दोन ओळी उमटलेल्या असत. अशी बाई चर्चच्या मंडळीत आहे म्हटल्यावर कमिट्या कशाला सोडतात? आधी महिला मंडळाचा अहवाल, मग क्वायरची गाणी, मग पाळकसाहेबांची पत्रं, आणि शेवटी दर रविवारी चर्चच्या दारात वाटायचं पत्रक, असं करत करत अख्खं चर्च तिच्या गळ्यात पडलं. तिनेही पडू दिलं. नाही म्हणायला तिला कधी जमलंच नाही.

आणि चर्च तरी कसलं, पायाला भिंगरी लावलेलं. रविवारी दोन उपासना, मधल्या वीस मिनिटांत खुर्च्या हलवायच्या, माइक तपासायचे, संडे स्कूलची पोरं आवरायची. सोमवारी कमिटी, बुधवारी कमिटीची उपकमिटी. प्रभूला भेटायला आलेली माणसं एकमेकांनाच इतकी भेटतात की प्रभूची पाळी येईपर्यंत जेवणाची वेळ होते. हे माझं म्हणणं नाही हं, तिच्या सासूबाईंचं आहे.

एके काळी टायपिस्टबाई येशूशी बोलायची. लग्नाआधी, कपडे धुताना, चांगली मोठ्याने. आज मैत्रीण असं बोलली, आज आईवर उगाच चिडले, तू तरी सांग ना तिला, असं. शेजारच्या बायकांना वाटायचं पोरगी गाणं म्हणतेय. ते बोलणं कधी थांबलं ते तिलाही सांगता आलं नसतं. भांडण नाही, रुसवा नाही, संकट नाही. कामं वाढली आणि राहून गेलं, एवढंच.

राहून गेलंय हे तिला कळलं ते चार महिन्यांपूर्वी, दवाखान्यात. सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. हिरवा गाऊन घालून म्हातारी स्ट्रेचरवर आडवी झाली, सुनेचा हात धरला आणि म्हणाली, "प्रार्थना कर गं." टायपिस्टबाईने डोळे मिटले. "हे प्रभू," ती म्हणाली, आणि पुढे काही येईचना. आत नुसती कोरी पाटी. शेवटी जीभच मदतीला धावली: "सासूबाईंचे ऑपरेशन आज सकाळी साडेदहा वाजता होणार आहे, तरी सर्वांनी नोंद घ्यावी. आमेन."

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "देवाला नोटीस बजावलीस का गं?" त्या म्हणाल्या, आणि हसत हसतच आत गेल्या.

सगळे हसले. नर्ससुद्धा. टायपिस्टबाईही हसली. त्यानंतर तिने घरी दोन-तीनदा बसून पाहिलं. दार लावून, डोळे मिटून. पाच मिनिटांत मनात पत्रकाचा मजकूर सुरू व्हायचा. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याच्याशीच आपल्याला बोलता येत नाही, या विचाराने ती घाबरून गेली. पण सांगणार कुणाला? देवाशी बोलायचं विसरले, हे कमिटीत कुठल्या विषयाखाली मांडायचं? मग ती आणखी कामाला लागली. काम करताना निदान आठवण तरी होत नव्हती.

पत्रकाच्या मागच्या पानावर प्रार्थना यादी असायची. लोक दाराशी ठेवलेल्या पेटीत चिठ्ठ्या टाकत. शनिवारी टायपिस्टबाई त्या घरी आणायची, कॉम्प्युटरवर मागच्या आठवड्याची फाईल उघडायची, तारीख बदलायची, नव्या चिठ्ठ्या खाली जोडायची. वरच्या ओळी जशाच्या तशा. रविवारी निवृत्त हेडमास्तर ती यादी पुढे उभं राहून वाचत आणि मंडळी दर ओळीला 'प्रभू, ऐक' म्हणे. चाळीस ओळी, सात मिनिटं. हेडमास्तरांना तर ती पाठच झाली होती.

त्या शनिवारी तिचं मनगटी घड्याळ बंद पडलं, म्हणून ऑफिस सुटल्यावर ती घड्याळजींच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. एक काउंटर, एक दिवा, भिंतीवर निरनिराळ्या वेळा दाखवणारी वीसेक घड्याळं. घड्याळजी तिच्याच मंडळीतले, शेवटच्या बाकावर बसणारे. बोलणं कमी. त्यांनी घड्याळ घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडलं.

"सेल नाही गेला, बाई. आतला एक स्क्रू निसटलाय," ते म्हणाले.

चिमट्याने त्यांनी तो स्क्रू उचलला. मोहरीच्या दाण्याहून लहान. तो भोकावर ठेवला, काडीएवढा पेचकस घेतला आणि हलकेच फिरवला. टायपिस्टबाई बघत होती. बघता बघता तिच्या लक्षात आलं की हा उजवा हात आहे.

ती ओळ तिला झोपेतसुद्धा म्हणता आली असती. सतरा: घड्याळजींच्या उजव्या हातासाठी, लकव्याने लुळा पडला आहे, प्रभूने स्पर्श करावा.

"काका," ती म्हणाली, "तुमचा हात."

"हो, चालतो की."

"कधीपासून?"

"झाले आठ महिने."

"अहो, पण मागच्याच रविवारी आपण प्रार्थना केली."

"केली ना. मी होतो तिथे." घड्याळजींनी भिंग काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडं लाजल्यासारखंच झालं होतं. "पाळकसाहेबांना दारात सांगितलं होतं मी. साहेब, हात आला म्हणून. त्यांचा फोन चालू होता. म्हणाले, काळजी करू नका, प्रार्थना सुरू आहे. मग म्हटलं, असू दे. दोनशे माणसं दर रविवारी आपलं नाव घेतात, बंद कशाला पाडा? तुम्ही सगळे 'प्रभू, ऐक' म्हणता ना, तेव्हा मी बाकाखाली मूठ उघडतो आणि मिटतो. उघडतो आणि मिटतो. म्हटलं, त्याला तरी दिसू दे."

तिथलं स्टूल ओढून ती बसली. "हे झालं कसं?" तिने विचारलं.

"डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. बायको रोज तेल लावून चोळायची. आणि तुमची ती सतरावी ओळ. कुणाचं किती काम ते मला विचारू नका. एका सकाळी चहाचा कप उचलला आणि अर्धा पिऊन झाल्यावर बघतो तर कप उजव्या हातात. बायको तिथेच रडायला लागली. मी आपला कप खाली ठेवायला घाबरत होतो, पुन्हा उचलला नाही गेला तर?" त्यांनी घड्याळ तिच्या पुढ्यात ठेवलं. ते चालू झालं होतं. "पण तुम्हाला ठाऊक असेल की, बाई. मी पेटीत चिठ्ठी टाकली होती."

घरापर्यंतचा रस्ता ती कशी चालली हे तिला आठवलं नाही. जुन्या चिठ्ठ्या ती फेकत नसे, बुटांच्या खोक्यात ठेवायची. चप्पल पायात तशीच ठेवून तिने पलंगाखालून खोकं ओढलं, सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर ओतल्या आणि शोधायला बसली. आठ महिन्यांपूर्वीच्या गठ्ठ्यात ती सापडली. वहीच्या पानाचा चौकोन. अक्षरं मोठी, वाकडी, ओळ सोडून खाली घसरलेली, जणू पहिलीतल्या मुलाने गिरवलेली.

'हात आला. प्रभूचे उपकार. ही चिठ्ठी मी उजव्या हाताने लिहिली आहे. घड्याळजी.'

ही चिठ्ठी तिने हातात धरली होती, वाचली होती. वाचली म्हणजे काय, घड्याळजी हे नाव पाहिलं, हा माणूस यादीत आहे, म्हणून बाजूला टाकली. तिच्या यादीत मागण्यांना जागा होती, उपकारांना नव्हती. देवाने उत्तर पाठवलं, ते तिच्याच हातात आणून दिलं, आणि तिने ते खोक्यात घालून पलंगाखाली सरकवलं. वर पुन्हा आठ महिने दोनशे माणसांकडून तेच मागून घेतलं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटत होती. आपण पाट्या टाकत होतो आणि तो तिकडे खरोखर ऐकत होता? आपल्या कॉपी-पेस्टच्या ओळीसुद्धा?

ती चिठ्ठ्या चाळत बसली. आणखी निघाल्या. कुणाच्या मुलाला नोकरी लागली होती. कुणाचा भाऊ सहा वर्षांनी घरी बोलला होता. एकीने फक्त 'रात्री झोप लागते आता' एवढंच लिहिलं होतं. घड्याळजींची धरून अकरा चिठ्ठ्या. त्या अकराही जणांसाठी मंडळी अजून दर रविवारी गयावया करत होती. टायपिस्टबाईने यादीचा कागद घेतला आणि पेन्सिलने एकेका ओळीवर खूण करायला लागली. तीन. आठ. सतरा. एकोणीस. पेन्सिल खाली सरकत सरकत तेविसाव्या ओळीवर आली आणि थांबली.

तेवीस: टायपिस्टबाईंच्या सासूबाईंच्या डाव्या डोळ्यासाठी.

ही चिठ्ठी तिनेच टाकली होती. खोक्यात हिचं उत्तर नव्हतं, कारण ते तिनेच लिहायला हवं होतं. ती उठली आणि आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

सासूबाई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर बायबल, बोट ओळीवर, ओठ हलत होते. आधी दोन वर्षं रोज संध्याकाळी टायपिस्टबाई त्यांना वाचून दाखवायची. ऑपरेशननंतर त्या स्वतः वाचायला लागल्या, तेव्हा हिच्या मनात काय आलं होतं? चला, एक काम कमी झालं. एवढंच आलं होतं. चार महिने एक आंधळं होत चाललेलं माणूस तिच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत वाचत बसलं होतं, आणि ती बाजूच्या खोलीत बसून त्याला दृष्टी मिळावी म्हणून टाइप करत होती.

"चप्पल घालून आत आलीस?" सासूबाई पानावरून नजर न काढता म्हणाल्या.

"आई, तुम्हाला दिसतं?"

"तुझ्या चपलेला चिखल लागलाय तोसुद्धा दिसतो. काय झालं?"

टायपिस्टबाईने चपला काढून दाराबाहेर ठेवल्या, पण पुन्हा आत येताना तिचे पाय आपोआप हळू पडायला लागले. ती खुर्चीपाशी जमिनीवर बसली. तिला वाटलं, या खोलीत आपल्या आधीपासून कुणीतरी आहे. आज आलेला नाही. चार महिने इथेच बसून आहे, म्हातारीला शब्द दाखवतोय, आणि आपण त्याच्यासमोरून झाडू मारत, फोनवर बोलत, ये-जा करतोय. तिला धड श्वासही मोठ्याने घ्यावासा वाटेना. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांची थट्टा ओठांतच राहिली. त्यांनी नुसता हात पुढे केला. टायपिस्टबाईने तो धरला.

"येशू," ती म्हणाली. 'हे प्रभू' नाही, नुसतं 'येशू', कपडे धुताना म्हणायची तसं. "माझं लक्ष नव्हतं रे," ती म्हणाली. "तू केलंस आणि माझं लक्षच नव्हतं." पुढचं रडण्यात गेलं. ना तारीख, ना वेळ. सासूबाईंनी हात सोडला नाही, आणि त्या दिवशी आमेनही कुणी म्हटलं नाही.

रविवारचं पत्रक तिने दोन वेळा तपासलं. मागच्या पानावर, यादीच्या आधी, अकरा नवीन ओळी होत्या, शिवाय बारावी तिने स्वतः लिहिलेली. खुर्च्या हलवायला कुणीतरी हाक मारली, तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "आज मला जमणार नाही." हाक मारणारा बघतच राहिला. सासूबाईंना घेऊन ती शेवटच्या बाकावर, घड्याळजींच्या शेजारी जाऊन बसली.

हेडमास्तर उभे राहिले. कागद हातात होता, पण पाठांतर जोरात. पहिल्याच ओळीत घड्याळजींचं नाव दिसलं आणि ओळ आपली नेहमीचीच समजून त्यांनी सुरुवात केली, "घड्याळजींच्या उजव्या हातासाठी, लकव्याने," आणि मंडळीनेही सवयीने 'प्रभू, ऐक' म्हणायला तोंड उघडलं. हेडमास्तर अडखळले. चष्मा वर केला, खाली केला. मग वेगळ्याच आवाजात, एकेक शब्द सोडवत त्यांनी वाचलं, "हात आला. प्रभूचे उपकार. ही चिठ्ठी मी उजव्या हाताने लिहिली आहे."

चुळबुळ थांबली. क्वायरमधले कागद थांबले. पाळकसाहेबांनी फोन खिशात घातला. लोक मागे वळून पाहायला लागले, तशी घड्याळजींनी खाली लपवलेली मूठ बाकावर आणून ठेवली, आणि सगळ्यांदेखत उघडली. दोनशे माणसं त्या साध्या, तेलाचे डाग पडलेल्या तळहाताकडे पाहत उभी राहिली. पुढच्या बाकावरची एक म्हातारी आपोआप गुडघ्यांवर आली. मग तिच्या शेजारची.

हेडमास्तरांना उरलेल्या ओळी वाचायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या उपासनेचे लोक दारात खोळंबले आणि कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं, बाकं करकरली, माणसं उठायला लागली. टायपिस्टबाईचं डोकं अजून खालीच होतं आणि ओठ हलत होते. सासूबाईंनी तिला कोपराने ढोसलं.

"अगं, संपली प्रार्थना."

"तुमची संपली असेल, आई," ती डोळे न उघडता म्हणाली. "आमचं अजून बोलणं चाललंय."