ब्रॉडबँडच्या आधीचा सत्कार

आमच्या डिंगोऱ्यात कामासाठी साहेब आला की आधी त्याचा सत्कार, काम मागाहून. शाल, नारळ आणि दोन शब्द. हे दोन शब्द बहुतेक वेळा मीच बोलायचो, त्यामुळं पुढं जे झालं त्याचं खापर माझ्याच डोक्यावर.

तेव्हा सुनेला पुण्यातल्या एका ऑफिसचं काम घरबसल्या मिळालं होतं. फायली इंटरनेटवरनं पाठवायच्या. आमच्या फोनच्या तारेवरनं एक फाईल जाईपर्यंत दूध तापून, उतू जाऊन, ओटासुद्धा पुसून व्हायचा. ऑफिसनं सांगितलं, दिवाळीपर्यंत ब्रॉडबँड घ्या, नाहीतर पुण्याला राहायला या. ती गेली म्हणजे मुलगा जाणार, नातही जाणार. मग आम्ही दोघं म्हातारी एकमेकांची तोंडं बघत बसणार. मी पार हबकलो.

गावभर फिरून अर्जावर सह्या घेतल्या. मंचरच्या बाजारातला कांद्याचा भाव घरात बसून दिसेल म्हटल्यावर शेतकऱ्यांनी भराभर पेन मागितलं. "दिसंल, पण वाढंल का, राव?" एकानं विचारलं.

"तू सही कर," मी म्हणालो.

अर्ज गेला आणि खरंच एक साहेब गावातलं टेलिफोन एक्स्चेंज बघायला आले. झालं, आमच्या अंगात आलं. साहेबांनी नुसतं कुलूप काढून आत डोकावलं होतं, तरी मी माईकवर सांगून मोकळा, की साहेबांनी गावाला ब्रॉडबँड दिलं. सत्काराच्या भाषणात हात आखडता कोण घेतो? पेपरात फोटोसकट बातमी आली. ब्रॉडबँड मात्र आलं नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा पुण्यात टेलिफोनच्या तक्रारींची सुनावणी होती. तिथं मी तावातावानं बोललो. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी फायलीतनं एक कात्रण काढलं. "आजोबा, आभार मानताना हे तुम्हीच ना?" फोटोत मीच, तोंडभर हसत. सगळा हॉल हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, आमच्याकडं आभार आधी मानत्यात," मी म्हणालो. "आता तेवढं काम करा, म्हंजे माझं बोलणं खोटं पडायचं न्हाई." त्या पुन्हा हसल्या, पण तपासणीचा आदेश त्यांनी तिथंच लिहिला.

दिवाळीच्या तोंडावर तेच साहेब दोन माणसं घेऊन आमच्या घरी आले. जोडणी झाली. सवयीनं माझा हात शालीकडं गेला, तर सुनेनं मनगटच धरलं.

"थांबा, मामा. आधी फाईल जाऊंद्या."

साहेब शालीकडं बघत होते, आम्ही सगळे कॉम्प्युटरकडं. चहा कपात ओतेपर्यंत फाईल गेलीसुद्धा. मी शाल दिली, पण दोन शब्द काही जमले नाहीत. नारळ तेवढा साहेबांच्या हातात ठेवला.

सून आतल्या खोलीत गेली. दारामागं भरून ठेवलेली बॅग तिनं पलंगावर उपडी केली आणि नातीचे फ्रॉक परत कपाटात लावायला लागली.