बेव्हर्लीचं ‘झकास’

विलायतेतल्या ओल्डहॅमच्या एका गल्लीत बेव्हर्ली एंटविसलला ‘कशी आहेस?’ असं विचारून आजवर कुणाला खरं उत्तर मिळालेलं नाही. पोस्टमन विचारो, पाद्री विचारो, नाही तर खुद्द डॉक्टर, उत्तर ठरलेलं: “झकास! तक्रार कसली?” आणि ही बाई कोण, तर बिस्किटांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं खोकी उचलून कंबर कामातून गेलेली, अकरा वर्षं काठीशिवाय दाराबाहेर न पडलेली. पण तिकडे आपलं दुखणं सांगणं म्हणजे चारचौघांत कपडे उतरवण्यातला प्रकार. आईनंच तसं वाढवलेलं, आता काय बोलणार!

सरकार तिला अपंगत्वाचा भत्ता द्यायचं. त्यातला मोठा हिस्सा जायचा ऑग्डेनकडे. हा ऑग्डेन पाठीत सुया टोचायचा आणि दर पंधरवड्याला पन्नास पौंड घ्यायचा. सरकारी इस्पितळात फुकट उपचार होते म्हणा, पण तिथल्या यादीत बेव्हर्लीचा नंबर दीड वर्षानं. सुयांनी दुखणं जात नव्हतं, पण जिना चढता यायचा, स्वतःची आंघोळ स्वतः करता यायची. भत्ता बंद झाला की ऑग्डेन बंद, आणि मग अंगाला साबण लावायलाही शेजारीण. अशात पत्र आलं, भत्त्याची फेरतपासणी आहे, मंगळवारी आमची बाई घरी येईल.

शेजारीण म्हणजे ग्लेंडा. जीभ अशी तिखट की कुत्रीसुद्धा तिच्या दारावरून लांबून जात. तिनं तालीमच सुरू केली.

“हे बघ, मी ती बाई. कशा आहात, मिसेस एंटविसल?”

“झकास!”

“झालं! बुडाला भत्ता! परत सांग. कशा आहात?”

“बरी आहे... तुमचं कसं काय?”

ग्लेंडानं कपाळावर हात मारला. “अगं, तिच्या तब्येतीशी तुला काय करायचंय? आणि नीट ऐक. खुर्चीतून उठायचं नाही. चहा द्यायचा नाही.”

“घरी आलेल्या माणसाला चहा नाही?” बेव्हर्लीचा चेहराच उतरला.

“दिलास की ती लिहिणार, बाई ठणठणीत आहे, ट्रे उचलते.”

मंगळवारी बेव्हर्ली केस वळवून, लिपस्टिक लावून बसली. उंबरा घासून लख्ख केला होता, त्यापायी अख्खा सोमवार खुर्चीतून उठता आलं नव्हतं. हे ऐकून ग्लेंडाच्या अंगाचा तिळपापड झाला. तोवर बेल वाजली. मिस अख्तर म्हणून काटकुळी पोरगी, दोन बस बदलून आलेली, पावसात नखशिखांत भिजलेली.

“कशा आहात?”

“झकास!” ग्लेंडानं टेबलाखालून लाथ घातली.

“वीस पावलं चालता येतं?”

“जमतं की, रमतगमत.”

“आंघोळ?”

“होते हो, सावकाश.”

मिस अख्तर टकाटक टाइप करत होती. ग्लेंडा खोकत होती, डोळे वटारत होती, पण बेव्हर्ली तिच्याकडे बघेल तर शपथ. मग मिस अख्तरनं नाक पुसलं आणि गारठलेले हात एकमेकांवर चोळले. संपलंच!

“पोरी, चहा घेशील ना?” म्हणत बेव्हर्ली उठली आणि काठी न घेताच स्वयंपाकघरात गेलीसुद्धा. ग्लेंडानं डोळे मिटून घेतले.

पाहुण्यांचे कप वरच्या फळीवर. बेव्हर्लीनं हात वर केला आणि कमरेत कळ आली. धाडकन आवाज झाला. दोघी धावल्या, तर बाई फरशीवर कुशीवर पडलेली, भोवती कपांचे तुकडे, चेहरा पांढराफटक.

“काही नाही, मी झकास आहे,” फरशीवरूनच ती म्हणाली. “साखर किती घालू?”

मिस अख्तर तिच्याजवळ जमिनीवर बसली. “मिसेस एंटविसल, तुम्ही सांगाल तेच मला लिहावं लागतं. खरं सांगा. कशा आहात?”

बेव्हर्लीनं सवयीनं ‘झकास’ म्हणायला तोंड उघडलं. आणि ती हमसून रडायला लागली.

“दुखतं गं. रोज दुखतं. सात वर्षं पलंगाला पाठ टेकलेली नाही, खुर्चीत बसून झोपते.”

ग्लेंडा मटकन स्टुलावर बसली. दोघींच्या मध्ये एका विटेची भिंत, आणि खुर्चीतल्या या झोपेचं तिला काही ठाऊक नव्हतं. “मला का नाही बोललीस, भवाने?”

सहा आठवड्यांनी पत्र आलं. भत्ता तीन वर्षं चालू! ग्लेंडा नाचायच्या बेतात होती, पण दुसरं पान वाचून बेव्हर्ली लालबुंद झाली.

“हे बघ काय लिहिलंय! ‘यांना चहा करता येत नाही.’ मला! पेन दे इकडे, मी अपील करते.”

“अगं, जिंकलीस ना तू!”

“म्हणून काय वाट्टेल ते खोटं लिहायचं?”

“खोटं आहे?” ग्लेंडानं विचारलं.

बेव्हर्लीनं ती ओळ परत एकदा वाचली. मग तिनं पत्राची घडी घातली. “नाही,” ती म्हणाली. “चहा तू कर.”

ग्लेंडानं चहा केला, बरोबर बिस्किटं ठेवली आणि समोर बसली. “कसा झालाय?”

बेव्हर्लीनं घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“पाणचट,” ती म्हणाली.